विज्ञानकथा : सुरुवात कुठून करावी?

(मंचाच्या ऑकलंड येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



अध्यक्ष खुर्चीत बसलेले आहेत हे पाहून बरं वाटलं. जयंत नारळीकरांच्या एका कथेत बिनअध्यक्षाची सभा असते. तिथे आपणहून बोलायला उभ्या राहिलेल्या एका प्राध्यापकांवर लोक टोमॅटो आणि अंडी फेकतात. त्या कथेकडे मी पुढे येणारच आहे.

आजचा विषय अगदी साधा आहे. ज्या माणसाने आजवर एकही विज्ञानकथा वाचलेली नाही, त्याच्या हातात पहिलं पुस्तक कोणतं द्यावं? माझ्या अटी दोन. पुस्तक बारीक हवं, म्हणजे एका शनिवार-रविवारात संपणारं. आणि ते स्वतःपुरतं पूर्ण हवं. पुढचा भाग आणा, मागचा भाग शोधा, ही भानगड नको.

बारीकच का? एक कारण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पुण्याहून किंवा मुंबईहून येताना विमानाच्या वजनात लोणची, मसाले, भाजणी आणि सासूबाईंनी दिलेला कुकर बसवल्यावर जी काही जागा उरते, ती पुस्तकांची. दीडशे पानांची पाच पुस्तकं त्यात मावतात, सातशे पानांचं एक मावत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपल्यात इंजिनिअर मंडळी बरीच. नव्या वाचकाने विचारलं की ती लगेच आसिमोव्हचं 'फाउंडेशन' नाहीतर फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून' काढून देतात. दोन्ही मोठी पुस्तकं आहेत, वादच नाही. पण 'फाउंडेशन' हे तीन पुस्तकांवरून सुरू होऊन पुढे लांबत गेलेलं प्रकरण आहे, आणि 'ड्यून'ला शेवटी शब्दकोश जोडावा लागलेला आहे. नवा वाचक चाळीस पानं वाचतो, दमतो, आणि "हे आपलं काम नाही" म्हणून जन्मभर बाजूला होतो. बायकांच्या बाबतीत तर हे मी फार पाहिलं आहे. पुस्तक देणारा मेहुणा असतो आणि वर "समजलं का?" असंही विचारतो. असो.

आपल्याकडे ही परंपरा काही कालची नाही. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा फार जुनी, आणि मराठीतल्या पहिल्या स्वतंत्र विज्ञानकथांमध्ये तिचं नाव घेतात. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. 'फास्टर फेणे'वाले भागवत सगळ्यांना आठवतात, 'चंद्रावर स्वारी'वाले कमी जणांना. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकात अद्भुत कथांना जागा होती. नारायण धारपांना आपण भुताखेतांचे लेखक म्हणून ओळखतो, पण 'गोग्रॅमचा चितार' आणि 'नेनचिम' त्यांचीच. पुढे मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथांच्या स्पर्धा सुरू केल्या आणि नोकरी-धंदा सांभाळून लिहिणारी माणसं पुढे आली.

त्या स्पर्धेतली १९७४ सालची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. मग कळलं की जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून नाव बनवलेलं. परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली होती. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाने नाव लपवून स्पर्धेत उतरावं, हा एक स्वच्छपणा मला फार आवडतो. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले.

तर माझी पहिली शिफारस त्यांचीच. आणि तीही कादंबरीची नाही, कथांची. 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९ चा. कुठलीही कथा उघडा, मागचं काही माहीत असण्याची गरज नाही. पण मला आज दोन कथांबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे.

एक 'धूमकेतू'. बंगालमधले दत्तबाबू हे हौशी आकाशनिरीक्षक. घरच्या दुर्बिणीतून ते एक धूमकेतू शोधून काढतात. त्यांच्या बायकोला काळजी, धूमकेतू म्हणजे अपशकुन, शांत करायला हवी. दत्तबाबू हसतात. आणि मग गणित असं निघतं की हा धूमकेतू खरोखरच पृथ्वीवर येऊन आदळणार. पुढे जगातले शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येतात, यान पाठवतात, अणुस्फोट घडवून धूमकेतूचा मार्ग बदलतात. पृथ्वी वाचते. दत्तबाबू घरी येतात, तर इकडे यज्ञ होऊन गेलेला, नातवाला त्यात बसवलेलं, आणि श्रेय कुणाचं ते घरच्यांनी केव्हाच ठरवून टाकलेलं!

मंडळी, ही कथा लिहिली तेव्हा धूमकेतूला ढकलणं ही निव्वळ कल्पना होती. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं 'डार्ट' यान डायमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं आणि त्याची प्रदक्षिणेची वेळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली. म्हणजे यानाचा भाग खरा झाला. यज्ञाचा भाग तर पहिल्यापासूनच खरा होता. इथे ऑकलंडमध्ये, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ती बाहेर काढणारे आपण, दत्तबाबूंच्या घरापासून फार लांब आहोत असं मला वाटत नाही. कथेत नारळीकर दत्तबाबूंच्या बायकोची टिंगल करत नाहीत, हे लक्षात घ्या. ती प्रेमळ बाई आहे, नवऱ्याची काळजी करणारी आहे. म्हणूनच कथा बोचते. हाच माणूस २००८ साली दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर ज्योतिषांची परीक्षा घ्यायला उतरला होता. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्यातल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांकडे पाठवल्या. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते.

दुसरी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला जायला गाडीत बसतात आणि उतरतात ते भलत्याच मुंबईत. या मुंबईत मराठे १७६१ साली पानिपतावर जिंकलेले आहेत. विश्वासरावांना लागायची ती गोळी चाटून गेली, एवढाच फरक! पंत काय करतात? भगवा फडकवत नाहीत. ते थेट टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तकं मागवतात आणि फाटा नेमका कुठे फुटला ते शोधत बसतात. संध्याकाळी आझाद मैदानावर त्यांना ती बिनअध्यक्षाची सभा दिसते, ते मंचावर चढतात, आणि टोमॅटो खातात.

ही कथा मी सांगते तेव्हा समोरचा माणूस कुठे खुश होतो ते मी पाहते. बरेच जण "मराठे जिंकले" या वाक्यापाशी खुश होतात. कथा पुढे वाचली की लक्षात येतं, लेखकाला विजयाच्या मिरवणुकीत रस नाही. त्याला रस आहे तो पुराव्यात, आणि एका क्षुल्लक घटनेने इतिहास कुठल्या कुठे जाऊ शकतो या विचारात. विजयी पानिपताची स्वप्नं पाहणाऱ्या पोराच्या हातात द्यायला याहून चांगलं औषध मला माहीत नाही. चवीला गोड आहे, परिणाम नंतर होतो.

आणि इथे एक सोय आहे. हीच कथा 'द ॲडव्हेंचर' या नावाने केंद्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात होती. म्हणजे आजीने मराठीत वाचावी, इथे वाढलेल्या नातवाने इंग्रजीत वाचावी, आणि रविवारी जेवताना दोघांनी भांडावं. आपल्या पुढच्या पिढीचं मराठी टिकवण्यासाठी आपण जे काही करतो, त्यात गणपतीतल्या नाचापेक्षा हे मला जास्त उपयोगी वाटतं. नाचाला विरोध नाही, मीही नाचते.

कथा झाल्या की कादंबरी. 'वामन परत न आला' घ्या. कर्नाटकात एका प्रयोगासाठी खोल खणत असताना एक पेटी सापडते. कुण्या लुप्त झालेल्या, आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीने ती पुरून ठेवलेली. तिच्यातल्या माहितीवरून आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव बनवतात, त्याचं नाव वामन. वामन हुशार आहे, आज्ञाधारक आहे, आणि त्याला एकच हवं आहे : स्वतःसारखे आणखी घडवण्याची मुभा. पेटी पुरणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे मी सांगत नाही.

हे पुस्तक आज दोन कारणांनी वाचायला हवं. यंत्रं माणसासारखी बोलू लागली आहेत, त्यांना किती मोकळीक द्यायची यावर रोज चर्चा झडते आहे. ती चर्चा मराठीत, साध्या गोष्टीच्या रूपात, केव्हाच होऊन गेली आहे. दुसरं कारण नावाचं. नारळीकरांनी पुराणातलं नाव घेतलं, तीन पावलांची गोष्ट मनात ठेवली, पण पुराणात यंत्रमानव होते असा दावा केला नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानांवर निबंध वाचला गेला. त्याचे फाटे अजून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फुटत असतात. आपल्या मुलांना हे आधी दाखवायला हवं की पुराणकथा ही कल्पनेची मोठी ठेव आहे, आणि ती कल्पना म्हणून वापरली तर तिच्यातून 'वामन' निघतो. पुरावा म्हणून वापरली तर जगात हसं होतं.

नारळीकरांपाशीच थांबू नका. सुबोध जावडेकर हे केमिकल इंजिनिअर, त्यांचे 'गुगली' आणि 'वामनाचे चौथे पाऊल' हे संग्रह घ्या. त्यांच्या कथेत यंत्रापेक्षा माणूस जास्त असतो. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइनस्टाईन' शोधा. बाळ फोंडक्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा इंग्रजी संग्रह १९९३ मध्ये संपादित केला, तो मराठी न वाचणाऱ्या सुनांना-जावयांना देण्यासाठी उत्तम. शुभदा गोगट्यांचं 'यंत्रायणी' कुणाच्या घरात असेल तर मला कळवा, मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येईन.

आता जरा वेगळं. आपल्या ओळखीतल्या एक काकू इथे मुलाकडे राहतात. नाव सांगत नाही, त्या आज आलेल्या नाहीत. दिवसभर नातवंडं, संध्याकाळी स्वयंपाक, बाहेर जायचं तर कुणी नेलं तर. मराठी शाळा सातवीपर्यंत. वाचन म्हणजे पोथी. त्यांनी मला एकदा विचारलं, "तुम्ही ते यंत्रांचं वाचता, त्यात आमच्यासारख्यांना कळेल असं काही असतं का?"

मी त्यांच्यासाठी रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' निवडली. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये ही इंग्रजी कथा आली. लिहिणारी बंगालमधली, पडद्यात वाढलेली मुसलमान बाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, भावाकडून आणि बहिणीकडून लिहायला-वाचायला शिकलेली. नवरा दौऱ्यावर असताना वेळ घालवायला तिने ही कथा लिहिली आणि परत आल्यावर त्याने ती उभ्या उभ्या वाचून काढली. वीसेक पानं जेमतेम. कथेत एका देशात बायका बाहेर आहेत आणि पुरुष घरात कोंडलेले आहेत. बायकांच्या विद्यापीठांनी ढगांतून पाणी खेचायची आणि सूर्याची उष्णता साठवायची युक्ती काढली आहे. शत्रू चालून आला तेव्हा तीच उष्णता त्याच्यावर सोडून लढाई जिंकली.

दोन दुपारी मी ती कथा वाचत गेले आणि तोंडी मराठी करत गेले. काकू वाटाणे सोलत होत्या. पुरुष कचेरीत सात तास बसतात पण त्यातले किती तास विड्या ओढण्यात जातात, या हिशेबाला त्या मनापासून हसल्या. मग त्यांनी विचारलं, "ते सगळं खरं, पण चूल कोण फुंकतं?" मी म्हटलं, चूल फुंकायचीच नाही, सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजतं, धूर नाही, काजळी नाही, स्वयंपाकघर भाजीच्या मळ्यात आहे. काकूंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "माझ्या आईचे डोळे धुराने गेले." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "अजून तसलं काही आहे का?" त्यांना मी 'धूमकेतू' दिली. ती वाचून त्या दत्तबाबूंच्या बायकोच्या बाजूने माझ्याशी पाऊण तास भांडल्या. "तुमच्या शास्त्रज्ञांनी घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं, मग त्या बाईने करायचं तरी काय?" मंडळी, या कथेवर इतकं चांगलं मत मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

आता या गावाविषयी. आपण जिथे राहतो तिथल्या विज्ञानकथा वाचायला हव्यात, नाहीतर आपण नुसतेच गृहकर्ज फेडणारे. न्यूझीलंडचे एके काळचे पंतप्रधान ज्युलियस व्होगेल यांनी १८८९ साली 'ॲनो डॉमिनी २०००' नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात सन २००० मध्ये बायका राज्य चालवतात. त्याआधी १८८७ मध्ये त्यांनी बायकांच्या मताधिकाराचं विधेयक आणलं होतं. तो अधिकार मिळाला १८९३ मध्ये. आणि सन २००० मध्ये इथे पंतप्रधान हेलन क्लार्क होत्या, सरन्यायाधीश सियान एलियास होत्या. भाकीत उत्तम उतरलं. कादंबरी मात्र कंटाळवाणी आहे आणि ब्रिटिश साम्राज्याच्या आरत्यांनी भरलेली आहे. तिची गोष्ट सांगा, पुस्तक देऊ नका.

द्यायचं असेल तर मॉरिस जी यांचं 'अंडर द माउंटन' द्या, १९७९ चं. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेलं, पण मोठ्यांनाही पुरतं. जुळी भावंडं ऑकलंडला येतात आणि इथल्या ज्वालामुखींखाली काहीतरी झोपलेलं आहे हे त्यांना कळतं. पुपुके तळं, रंगीटोटो, माउंट ईडन, सगळं त्यात आहे. आपली मुलं रोज ज्या टेकड्यांवरून घसरगुंडी करतात त्या पन्नासेक ज्वालामुखींच्या तोंडावर हे शहर वसलं आहे, आणि रंगीटोटो तर सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच समुद्रातून वर आलेला. पुस्तक वाचून टाकापुनाला गेलं की पाण्याकडे पाहण्याची नजरच बदलते. मॉरिस जी २०२५ मध्ये गेले. तेही नारळीकरांच्याच वर्षी.

क्रेग हॅरिसन यांचं 'द क्वाएट अर्थ' १९८१ चं. सकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी घड्याळं थांबली आहेत आणि जगातली माणसं नाहीशी झाली आहेत. एकटा शास्त्रज्ञ हॉब्सन रिकाम्या ऑकलंडमधून फिरतो. पुढे त्याला दुसरा माणूस भेटतो, माओरी सैनिक, आणि सगळं जग संपलेलं असतानाही गोऱ्या माणसाच्या मनातला वंशाचा संशय संपत नाही. १९८५ चा सिनेमा प्रसिद्ध आहे, पण पुस्तक त्याहून काळोखं आहे. फार चांगलं आहे. पण एक विनंती : नुकत्याच इथे आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, जूनच्या पावसात पाच वाजता अंधार पाहणाऱ्या माणसाला हे पहिलं पुस्तक म्हणून देऊ नका. त्याला 'सुलताना' द्या, नाहीतर जेवायला बोलवा.

परदेशी पुस्तकांतलं एकच सांगते, वेळ संपत आली आहे. उर्सुला ल ग्विन यांचं 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट', १९७२ चं, व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांतलं. माणसं दुसऱ्या ग्रहावर लाकूडतोडीला जातात, तिथल्या छोट्याशा लोकांना राबवतात, आणि ज्या लोकांना खून म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं ते शेवटी तो शिकतात. चिपको आठवणाऱ्यांनी वाचावं, नर्मदा आठवणाऱ्यांनी वाचावं. इथल्यांनी बॅस्टियन पॉइंटच्या टेकडीवर जाऊन वाचावं, जिथे न्गाटी व्हाटुआच्या लोकांनी जमिनीसाठी ५०६ दिवस ठाण मांडलं होतं आणि २५ मे १९७८ रोजी पोलिसांनी त्यांना उठवलं. दुसऱ्याच्या जमिनीवर आपण सज्जनपणे राहायला आलो आहोत, या गोष्टीचा विचार करायला हे पुस्तक लावतं. वेल्सचं 'टाइम मशीन' त्याच्या जोडीला ठेवा. १८९५ चं आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं.

मागच्या टेबलावर खोकं ठेवलं आहे. त्यात बावीस पुस्तकं आहेत. वहीत नाव, फोन आणि तारीख लिहून न्या. 'यक्षांची देणगी'च्या दोन प्रती आहेत. 'वामन'ची एकच आहे, आणि तिच्यासाठी दोघांनी आधीच नाव दिलं आहे, म्हणून नेणाऱ्याने ती पुढच्या बैठकीला आणलीच पाहिजे. प्रश्न चहाबरोबर घेऊ.